मोजमाप कुणाचं? राष्ट्रीय शैक्षणिक मानकं आणि वाडीवरची शाळा

(हरिहरेश्वर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय 'शालेय शिक्षणातली राष्ट्रीय मानकं' असा जाहीर झालाय. पुष्कळांना वाटलं असेल, हा दिल्ली-पुण्याच्या कचेऱ्यांतला मामला; हरिहरेश्वरात, सावित्रीच्या मुखाशी बसून त्याची चर्चा कशाला? आमचं म्हणणं असं, की या मानकांची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. जिथे प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आहे, भिंतीवर फळा आहे, मुलं वर्षभर हजर आहेत, तिथे कुठलंही मानक बसतं. वाडी डोंगरावर, कोळीवाडा खाडीकाठी, मोहल्ला तिसरीकडे आणि कातकऱ्यांची वस्ती त्याच्याही पलीकडे, अशी जिथे माणसं विखुरलीत, तिथे ते बसतं का, यावर त्याची किंमत ठरावी.

आधी शब्द नीट घेऊ. 'मानक' म्हणजे ठरवून दिलेलं माप. पण माप कुणाला लावायचं? दोन शक्यता आहेत. एक, राज्याला: शाळा किती अंतरावर हवी, शिक्षक किती हवेत, वर्षात किती दिवस शाळा भरली पाहिजे. दोन, मुलाला: तिसरीच्या मुलाला काय वाचता आलं पाहिजे, सहावीच्या मुलीला कुठलं गणित सुटलं पाहिजे. पहिलं मानक हे राज्याने मुलाला दिलेलं वचन असतं. दुसरं हा मुलाने राज्याला द्यायचा हिशेब असतो. शब्द एकच असल्यामुळे आपली गफलत होते. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढंच दाखवायचंय, की गेल्या पंधरा वर्षांत आपल्याकडे पहिलं मानक सैल होत गेलं आणि दुसरं घट्ट होत गेलं.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. म्हणजे सर्वांना लागू होणारं मानक हवं, ही मागणी तळातून आलेली आहे, ती दिल्लीने लादलेली नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. पण याच निवेदनात जोतीराव अभ्यासक्रमही सांगतात: मोडी आणि बालबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य. पुढे ते म्हणतात, खेड्यातल्या शाळेचे विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण उपयोगाच्या दृष्टीने ते उणे नसावेत. आणि शिक्षक असा हवा, की वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटणार नाही. म्हणजे हक्क सर्वांचा सारखा, पण मजकूर त्या त्या जागी रुजलेला. जोतीरावांना या दोहोंत विरोध दिसला नाही. आम्हालाही दिसत नाही.

विरोध कुठून येतो? तो येतो मोजणीच्या हव्यासातून. इंग्लंडमध्ये १८६२ साली एक नियमावली आली. शाळेचं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित यांच्या तपासणीवर अवलंबून ठेवलं गेलं. निकालाप्रमाणे पैसा. मॅथ्यू आर्नल्ड हा मोठा कवी-समीक्षक स्वतः शाळा तपासनीस होता आणि तो या पद्धतीचा कडवा टीकाकार होता. तपासनीस जे विचारणार तेवढंच शिकवायचं, मुलांकडून घोकून घ्यायचं, असं सुरू झालं. तीसेक वर्षांनी ती पद्धत गुंडाळावी लागली. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाला निकालाचं हेच तत्त्व लावलं गेलं होतं. अमेरिकेने २००२ साली तोच रस्ता धरला: २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ठरलेल्या पातळीला पोचलंच पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. २०१४ उजाडलं, प्रत्येक मूल काही पोचलं नाही, आणि २०१५ साली तो कायदा बदलावा लागला. मधल्या काळात पुष्कळ शाळांमध्ये चाचणीत नसलेल्या विषयांचा वेळ आटला. आपण हे सगळं वाचलेलं आहे. तरीही त्याच वाटेने निघालोय.

आता आपल्या कागदपत्रांकडे येऊ. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याची अनुसूची मुद्दाम वाचा, दोन पानांची आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस, ८०० तास. सहावी ते आठवी २२० दिवस, १००० तास. नियमांमध्ये अंतर आलं: प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत. हे सगळं कुणाला लावलेलं माप आहे? राज्याला. मुलाला नापास करायचं नाही, असंही तोच कायदा म्हणत होता. या कायद्यात उणिवा होत्या. कोकणात एक किलोमीटर म्हणजे काय, हे नकाशावरून कळत नाही. मध्ये पऱ्या असेल आणि श्रावणात त्याला पाणी चढलं असेल तर तो किलोमीटर मुलापुरता चार किलोमीटरचा होतो. पण दिशा बरोबर होती.

मग काय झालं बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने या कायद्याखालच्या नियमांत इयत्तावार अध्ययन निष्पत्ती घातल्या. २०१९ साली कायदाच दुरुस्त झाला आणि पाचवी-आठवीला मुलांना रोखून धरायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. मधे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे, ज्याची चर्चा फार कमी झाली. त्याचा आशय असा, की शाळा काढणं सोपं व्हावं म्हणून अटी सैल कराव्यात, आणि भर सोयीसुविधांवर कमी, अपेक्षित निष्पत्तीवर जास्त असावा. वाचायला हे किती शहाणपणाचं वाटतं! इमारती मोजण्यापेक्षा मुलं काय शिकली ते बघा, याला कोण नाही म्हणेल? पण नीट विचार करा. सोयीसुविधा, शिक्षक, अंतर ही राज्याची बाजू. निष्पत्ती ही मुलाची बाजू. एका वाक्यात पारडं फिरलं. वचन सैल झालं, हिशेब घट्ट झाला.

त्यानंतर २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २०२४ चा आपला राज्य आराखडा. राज्याच्या मसुद्यावर मे २०२४ मध्ये वाद झाला तो कशावर? मनुस्मृतीतल्या श्लोकावर, गीता आणि मनाच्या श्लोकांच्या पाठांतरावर. वाद व्हायलाच हवा होता. २०२५ मध्ये दुसरा वाद झाला, पहिलीपासूनच्या हिंदीवर. १६ एप्रिलचा शासननिर्णय, १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही मागे, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. तोही वाद रास्त. पण या दोन्ही गदारोळांत मापनाचा प्रश्न कोपऱ्यात राहिला. भाषेचा अपमान आपल्याला लगेच कळतो. वाडीवरच्या शाळेचं पद गेलं तर ते कळायला वर्ष लागतं.

हिंदीच्या सुधारित निर्णयातली एक अट मात्र आमच्या मुद्द्याला नेमकी लागू पडते. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे. आता ज्या शाळेचा पहिली ते पाचवीचा सगळा पटच बारा-पंधरा आहे, तिथे या पर्यायाचा अर्थ काय? कागदावर स्वातंत्र्य आहे, पण ते फक्त मोठ्या शाळेचं. हाच २० चा आकडा दुसरीकडेही भेटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवले गेले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार, त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, असे आकडे तेव्हा पुढे आले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट २० च्या आत गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात, अशी अवस्था झाली. वीस ही काही नैसर्गिक संख्या नाही. घाटावरच्या सलग गावठाणात वीसची शाळा छोटी वाटेल. इथल्या वाडीत बारा मुलं म्हणजे वाडीतली सगळी मुलं. संख्या दोन्हीकडे कमी, पण कारणं वेगळी. मापाला कारण दिसत नाही.

आता याच शाळेत अध्ययन निष्पत्ती कशा पोचतात ते बघू. बारा मुलं, पाच इयत्ता, दोन शिक्षक. त्यातले एक प्रशिक्षणाला, नाहीतर निवडणुकीच्या कामाला. उरलेल्या बाई एकाच खोलीत पाच इयत्ता सांभाळतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ती स्वतंत्र कला आहे: चौथीची मुलगी दुसरीच्या मुलाला पाढे सांगते, पहिलीचं पोर कान देऊन तिसरीची गोष्ट ऐकतं. पण मानकांची यादी इयत्तावार आखलेली आहे. तिच्या पोटात एक गृहीतक बसलंय: एक वर्ग, एक इयत्ता, एक शिक्षक. हे गृहीतक कुठे लिहिलेलं नाही, म्हणून ते खोडताही येत नाही. समीक्षेचं काम तेच असतं, न लिहिलेलं वाचणं. ही मानकं शहरातल्या एका विशिष्ट शाळेचं वर्णन आहेत. त्यांना राष्ट्राचं नाव दिलेलं आहे.

मोजणीचा पसारा बघा. केंद्राचं 'परख' सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं. तिसरी, सहावी, नववी. त्याशिवाय राज्याच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या, त्यांचे गुण चॅटबॉटवर भरणं, निपुणची उद्दिष्टं. 'परख' ही नमुना पाहणी आहे, आणि नमुना पाहणी म्हणून तिला आमची हरकत नाही. ताप मोजल्याशिवाय औषध देता येत नाही. पण तापमापकावर आकडा कमी यावा म्हणून तो गार पाण्यात बुडवायचा, असं सुरू झालं की वैद्यकी संपते. जिल्ह्याचा क्रमांक लागला, की क्रमांक वर आणण्याचे सराव सुरू होतात. बाईंचा अर्धा दिवस तिथे जातो. मुलाला वाचता येणं आणि मुलाला वाचता येतं असं दिसणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि दुसरी स्वस्त पडते.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे इथे न्यायशास्त्राची आठवण होणारच. नैयायिक विचारतात, प्रमाणाचं प्रामाण्य कशावरून? तुम्ही मापलंत, पण तुमचं माप खरं कशावरून? त्यांचं उत्तर असं, की ज्ञान स्वतःचा पुरावा होऊ शकत नाही. ते व्यवहारात उतरून सफल झालं पाहिजे. लांबवर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जाऊन तहान भागली तर पाणी. हीच कसोटी चाचणीला लावा. चाचणीत 'अपूर्णांकांची क्षमता प्राप्त' असं आलं. ते मूल व्यवहारात अपूर्णांक वापरतं का? आणि चाचणीत 'अप्राप्त' आलं. म्हणजे त्याला खरंच येत नाही का?

इथलंच उदाहरण देतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला अकराची पाऊणपट, सव्वाआठ. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच मागे पडतो, म्हणून ही रीत अंदाजाची. पण होडी कधी लोटायची हे ठरवायला पुरते. यात अपूर्णांकाचा गुणाकार आहे, चंद्राची गती आहे, उधाण-भांगाचा भूगोल आहे. कोळीवाड्यातलं जे मूल आजोबांकडून हे शिकलंय, त्याला चाचणीच्या कागदावर पिझ्झाच्या तुकड्यांचा प्रश्न आला आणि ते अडलं, तर माप कुणाचं चुकलं?

यावर समोरून दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला: 'सर, हे स्थानिक ज्ञानाचं कौतुक तुम्हा शहरातल्या माणसांना सुचतं. आमच्या पोराला नीट द्यायचीये, जेईई द्यायचीये, आणि ती सगळीकडे एकच असते.' अगदी बरोबर. इथल्या मुलाला त्या स्पर्धेत उतरायचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी त्याला देशात कुठेही चालेल असं विज्ञान-गणित मिळालंच पाहिजे. दुसरा आक्षेप आणखी खोल आहे. आपल्या देशात 'स्थानिक' या शब्दाच्या पोटात जात बसलेली असते. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली: मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावं, उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवावा. लोकांनी ओळखलं, की याचा अर्थ न्हाव्याच्या पोराने न्हावीच राहायचं. कडवा विरोध झाला, आणि १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं, योजनाही गेली. तेव्हा स्थानिकतेच्या नावाने कुणी कातकऱ्याच्या मुलाला कमी शिकवा म्हणेल, तर त्याला आमचा पहिला विरोध असेल.

पण हे आक्षेप आमच्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाहीत. ते पहिल्या मानकाची मागणी करतात! नीटपर्यंत पोचायचं तर आठवीला विज्ञान शिकवणारा माणूस हवा. तो न देता केवळ आठवीची चाचणी दिली, तर आपण मुलाला शिडी दिली नाही, उंची तेवढी मोजली. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांची एप्रिलमध्ये परीक्षा घेऊन 'अप्राप्त' लिहिणं सोपं आहे. भट्टीजवळच्या शाळेत त्यांची सोय लावणं हे राज्याचं काम, आणि त्याचे गुण कुणी भरत नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळा पद्धतीची शिफारस केली होती: परिसरातल्या सगळ्या थरांतली मुलं एका शाळेत. आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले. सगळ्यांना एक शाळा, ही ती कल्पना. साठ वर्षांनी आपण सगळ्यांना एक चाचणी दिली आणि शाळेचं तेवढं राहून गेलं.

मग चांगलं मानक कसं असतं? ॲरिस्टॉटलने न्यायाची चर्चा करताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिलाय. ते शिशाची पट्टी वापरत. दगड वेडावाकडा असला की पट्टी त्याच्या अंगाने वाकते, पण माप देते. नियम जिथे सर्वसामान्य असल्यामुळेच चुकतो, तिथे तो असा वळवून घ्यावा, असं त्याचं म्हणणं. इथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे, लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळी पाडलेले कातळ तुम्ही पाहिलेत. त्यांना लाकडी फूटपट्टी लावून बघा, म्हणजे ॲरिस्टॉटल कळेल.

अशी शिशाची पट्टी आपल्याकडे नाही असं नाही. उन्हाळा कडक म्हणून विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात. कुणाला त्यात राष्ट्रीय ऐक्य धोक्यात आल्यासारखं वाटत नाही. तरी २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल, लावल्या गेल्याच, आणि विदर्भातून ओरड झाली. बालभारतीने तिसरीला जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक दिलं. रायगडच्या मुलाला रायगड, चंद्रपूरच्या मुलाला चंद्रपूर. क्षमता तीच, नकाशा वाचण्याची. नकाशा मात्र आपला. मानक कसं असावं याचा याहून चांगला नमुना आम्हाला माहीत नाही. नव्या पुस्तकांत तो टिकतो का, याकडे पालकांनी डोळ्यांत तेल घालून बघावं.

शेवटी, करायचं काय? आमच्या तीनच मागण्या आहेत.

एक. मुलांच्या निष्पत्तीचा प्रत्येक अहवाल दोन रकान्यांचा असावा. डावीकडे राज्याचे गुण: मंजूर पदं किती, भरलेली किती, शाळा प्रत्यक्षात किती दिवस भरली, शिक्षक किती दिवस दुसऱ्या कामाला गेले, शाळेची वाट पावसात चालू असते का. उजवीकडे मुलांचे गुण. डावा रकाना कोरा असेल तर उजवा छापायचा नाही.

दोन. बहुवर्ग शाळांसाठी निष्पत्ती टप्प्यांनी मांडाव्यात, इयत्तांनी नव्हे. पहिली-दुसरी एकत्र, तिसरी ते पाचवी एकत्र. मूल टप्प्याच्या अखेरीस कुठे पोचलं ते बघा. नव्या आराखड्यांनी स्वतःच टप्प्यांची भाषा केलेली आहे. ती वाडीवरच्या शाळेत प्रामाणिकपणे लागू करा, एवढंच.

तीन. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. हा दोन रकान्यांचा अहवाल त्या समितीने ग्रामसभेत वाचून दाखवावा, मराठीत, आणि जिथे उर्दू शाळा आहे तिथे उर्दूतही. बारा मुलांच्या शाळेचं काय करायचं, हे ठरवण्याआधी त्या बारा घरांना विचारलं गेलं पाहिजे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. सुपाऱ्या-नारळांच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरं उडाली. त्या वेळी पंचनामे झाले. किती झाडं पडली, किती पत्रे गेले, सगळं मोजलं. ते मोजणं आपल्याला जाचक वाटलं नाही, कारण मोजणाऱ्याकडून काहीतरी येणं होतं. मोजणी भरपाईसाठी होती. शाळेतली मोजणीही तशीच हवी: मूल कुठे कमी पडलं हे पाहून त्याला काय द्यायचं बाकी आहे ते ठरवणारी. तशी नसेल, तर माप घेऊन आलेल्या माणसाला आपण नम्रपणे एवढंच विचारावं, की साहेब, आधी तुमची बाजू मोजून झाली का?

प्रश्न असतील तर जरूर विचारा.